जामीन मिळालेल्यांना घरी जाऊ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजकारणातून आलेल्या माणसाला न्यायाधीश करावं का, आणि न्यायाधीश राहिलेल्यानं सभागृहात जाऊन बसावं का, हा वाद अधूनमधून पेटतो. २०२० साली माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर गेले. २०२४ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय राजीनामा देऊन त्याच वर्षी लोकसभेत पोहोचले. २०२५ साली एका पक्षाच्या माजी प्रवक्त्या आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर आल्या तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. अशा प्रत्येक वेळी सर्वोच्च न्यायालयाचे जुने न्यायाधीश व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं नाव निघतं. एक बाजू म्हणते, ते तर मंत्री होते, तरी मोठे न्यायाधीश झालेच ना? दुसरी म्हणते, म्हणूनच त्यांचे निकाल तसे होते. नाव घेऊन दोन्ही बाजू पुढे सरकतात. त्यांनी काय लिहून ठेवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. ते विचारण्यासाठी, आणि जामीन मंजूर होऊनही तुरुंगात राहणाऱ्या गरिबांसाठी एक मागणी करण्यासाठी हे पत्र.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या फौजदारी कोर्टांत गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतली वरिष्ठ कर्मचारी, म्हणून निवृत्त झाले. बोर्ड पुकारणं, रोजनामा म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद लिहिणं, जामीनदारांचे कागद तपासून साहेबांपुढे ठेवणं, हे माझं काम. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण एखाद्या निकालाची ओळ वरून निघून खालच्या कोर्टाच्या खिडकीपर्यंत येते की वाटेतच राहते, हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे.

कृष्ण अय्यर मूळचे पालघाटकडचे. १९१५ सालचा जन्म. वडील वकील, आणि मुलानं १९३८ साली वकिली सुरू केली ती थलश्शेरीला, मलबारच्या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात. मलबार तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. जमीनदारांनी काढून टाकलेली कुळं, विडी वळणारे, सूतगिरणीतले कामगार, पोलिसांनी उचललेले कम्युनिस्ट कार्यकर्ते असे पक्षकार त्यांच्याकडे येत. १९४८ साली कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून त्यांनाच आत टाकलं. महिनाभर वकीलसाहेब स्वतः गजांआड होते.

१९५२ साली कुथुपरंबा मतदारसंघातून अपक्ष म्हणून ते मद्रास विधानसभेत गेले. केरळ राज्य झाल्यावर १९५७ साली थलश्शेरीहून निवडून आले आणि कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे, वीज अशी खाती त्यांच्याकडे होती. जो माणूस नऊ वर्षांपूर्वी कोठडीत होता तो तुरुंगमंत्री झाला. ३१ जुलै १९५९ ला केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. १९६० ची निवडणूक ते अगदी थोड्या मतांनी हरल्याचं जाहीर झालं, मग निवडणूक याचिकेत निकाल फिरला. १९६५ ला मात्र सरळ पराभव. पुन्हा वकिली. १९६८ साली केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग विधी आयोगाचे सदस्य, आणि जुलै १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालय. नोव्हेंबर १९८० पर्यंत ते तिथे होते.

वकील, कायदेमंडळ आणि न्यायासन, या तिन्ही ठिकाणी वावरलेली माणसं आपल्याकडे नव्हती असं कुणी समजू नये. निफाडला जन्मलेले न्या. महादेव गोविंद रानडे १८८५ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात होते आणि १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ चा कायदा झाला, त्याची अंमलबजावणी पाहायला ते गावोगाव फिरले. होनावरचे नारायण गणेश चंदावरकर १९०१ साली हायकोर्टावर गेले आणि १९२१ साली मुंबई कायदेकौन्सिलाचे अध्यक्ष झाले. यांच्यापैकी कुणाच्याही निकालाला केवळ त्या वाटेमुळे बट्टा लागला नाही.

कृष्ण अय्यरांना मात्र मुंबईनंच आडवं घेतलं होतं. त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं तेव्हा इथल्या नामवंत वकिलांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर विरोध केला. सोली सोराबजी त्यांत होते. पुढे याच सोराबजींनी आपली ती चूक होती असं मोकळेपणानं सांगितलं. त्या विरोधाला मी वाईट म्हणणार नाही. मंत्री राहिलेला माणूस सरकारविरुद्धच्या खटल्यात कसा वागेल, ही शंका रास्तच होती. फक्त तिचं उत्तर वेळ आल्यावर मिळालं, आणि त्यातही एक मुंबईकर होते.

जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी, आणि सुट्टीतले न्यायाधीश कृष्ण अय्यर. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, १९७१ साली मुंबई वायव्य मतदारसंघातून लोकसभेत गेलेले. गोखल्यांनी फोन करून भेटायला येऊ का असं विचारलं. कृष्ण अय्यरांनी सांगितलं, भेटण्याची गरज नाही, अर्ज रजिस्ट्रीत दाखल करा. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे सांगितला आहे. नामवंत वकील नानी पालखीवाला इंदिरा गांधींसाठी उभे राहिले. २४ जूनला आदेश झाला. पंतप्रधानपदावर राहता येईल, लोकसभेत बसता-बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. विनाअट स्थगिती मागितली होती, ती मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी आली.

एका बाजूला आमदारकीतून न्यायासनावर आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला न्यायासनावरून खासदारकीत गेलेला. पुढे न्यायालयांचे अधिकार कापणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती १९७६ साली लोकसभेत मांडली ती गोखल्यांनीच. म्हणून माझं मत असं की माणूस कुठून आला यापेक्षा तिथून येताना त्यानं काय आणलं ते तपासावं. निवृत्त होताच सत्तेच्या दारात जाणं मला स्वतःला पटत नाही आणि मध्ये काही वर्षांचा काळ सक्तीनं जावा असं वाटतं. कृष्ण अय्यर १९८७ साली विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. निवृत्तीला सात वर्षं होत आली होती, तरी तेही मला तितकंसं रुचलं नव्हतं.

थलश्शेरीहून काय आणलं, ते दाखवायला मुंबईचीच दोन प्रकरणं घेते.

पहिलं नागदेवीचं. माझे वडील नागदेवीला एका हार्डवेअरच्या पेढीवर कामाला होते. बिजागऱ्या, नटबोल्ट, कोयंडे, साखळ्या तोलायच्या, पेट्या बांधायच्या, हातगाडीवाल्याच्या हवाली करायच्या. रात्री जेवायला बसले तरी बोटांच्या पेरांतलं काळं वंगण गेलेलं नसायचं. अशा शेकडो लहान पेढ्या आणि प्रत्येकीत दोन-चार माणसं. तिथल्या पेढ्यांवर दिवाळीला काही रक्कम मिळायची, ती १९६५ च्या सुमारास मालकांनी बंद केली. मालकांचं म्हणणं दोन प्रकारचं होतं. बोनसचा नवा कायदा आला आहे, त्यात बसत नाही ते मागता येणार नाही. आणि हे भांडण कामगारांचं आहे, युनियन कोण लागते? मुंबई कामगार सभा या युनियनचं हे प्रकरण १९७६ साली कृष्ण अय्यरांपुढे आलं. त्यांनी लिहिलं की रिवाजानं चालत आलेला बोनस हा वेगळा हक्क आहे, १९६५ च्या कायद्यानं तो बुडत नाही. आणि जिथे पक्षकार गरीब आणि विखुरलेले आहेत तिथे कुणाचं नाव कुठल्या रकान्यात घातलं यावरून त्यांना दारातून परत पाठवू नये. आज जनहित याचिका हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याची सुरुवात सांगताना कायद्याची पुस्तकं नागदेवीच्या या निकालाचं नाव घेतात. वडिलांना ते कधीच कळलं नाही. त्यांच्या पेढीवर बोनसचं पाकीट पुढेही मालकाच्या मर्जीनंच मिळत राहिलं.

दुसरं प्रकरण १९७८ चं, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सौराष्ट्र विद्यापीठातला एक प्रपाठक, कर्नाटक विद्यापीठाच्या खोट्या पदव्या छापू पाहण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला. सत्र न्यायालयानं कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, उच्च न्यायालयानं ती तीन वर्षांवर नेली. त्यानं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो चार वर्षांहून अधिक उशिरानं. निकालाची नक्कल तुरुंगात आली, पण आपल्या हाती पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं. अर्ज फेटाळला गेला, गुन्हेगाराबद्दल कुठलीही हळहळ दाखवली नाही. पण त्या निमित्तानं कृष्ण अय्यरांनी सगळ्या तुरुंगांसाठी नियम घालून दिला. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल फुकट आणि ताबडतोब मिळाली पाहिजे, मिळाल्याची त्याची सही घेतली पाहिजे, आणि वकील करायची ऐपत नसेल तर सरकारनं वकील दिला पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या घटनेच्या एकविसाव्या कलमातला हक्क आहे. मला त्यातलं सहीचं वाक्य फार मोलाचं वाटतं. ते अशाच माणसाला सुचतं ज्यानं तुरुंगाचं कामकाज आतूनही पाहिलं आहे आणि मंत्री म्हणून वरूनही. कागद 'पोहोचला' असं जावक रजिस्टर सांगतं आणि तो कुणाच्या तरी टेबलावर पडून असतो, हे कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्यांची इंग्रजी भाषा मात्र फार अवघड. लांबच लांब वाक्यं आणि कोशात शोधावे लागणारे शब्द. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्या वकिलांनाही निम्मं कळायचं नाही. हा त्यांचा दोष मी मानते. साध्या भाषेत लिहिलं असतं तर तालुक्याच्या कोर्टांत ते निकाल अधिक वाचले गेले असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, ऑगस्ट १९७८. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानंच त्याला जामीन दिला होता. तपशील ठरवायचं काम खालच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सोपवलं होतं. त्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळचे दहा हजार, आणि तेही गवंड्याकडून. भाऊ जामीन राहायला तयार होता. त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. कृष्ण अय्यरांनी विचारलं, बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं कोणता कायदा सांगतो? मल्याळी, कन्नड, तमिळ किंवा तेलुगू माणूस बस्तरमध्ये, पोर्ट ब्लेअरला किंवा चांदणी चौकात पकडला गेला, तर त्यानं तिथे मालमत्ता असलेला जामीनदार कुठून आणायचा? मोतीरामला त्यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडलं.

हा निकाल म्हणजे आजच्या मुंबईचंच वर्णन आहे. या शहरात पकडला जाणारा गरीब माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. नाक्यावर उभा राहणारा, हॉटेलात भांडी घासणारा, इमारतीच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहणारा. त्याच्या नावावर मुंबईत काहीच नसतं.

एक प्रकरण मला अजून तपशिलानं आठवतं. साइटवरून लोखंडी सळ्या चोरल्याचा आरोप, परभणीकडचा तरुण. 'पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार' असा आदेश झाला. चार दिवसांनी त्याचा थोरला भाऊ आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दीड एकराचा सातबारा, आठ-अ, तलाठ्याचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, सरपंचाचं पत्र, असं सगळं नीट लावून आणलेलं. तो वडापाव खाऊन रात्री स्टेशनवर झोपला होता, अंगावरचा सदरा तेच सांगत होता. खिडकीवर त्याला तोंडी सांगितलं गेलं, परभणीची जमीन इथे कशी तपासणार, मुंबईतला जामीनदार आणा, पगाराची स्लिप असलेला. त्यानं सातबाऱ्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे माझंच नाव हाय बघा." मी कागद आत नेऊन साहेबांपुढे ठेवले. तेही तेच म्हणाले. साहेब वाईट नव्हते. आरोपी पळाला की जामीनदार शोधायला पोलिस परभणीला जात नाहीत, हे ते अनुभवावरून जाणून होते. तो मुलगा पुढे कितीतरी आठवडे आत राहिला आणि शेवटी रक्कम कमी करून घेण्याच्या अर्जावर सुटला. त्या अर्जासाठीही आधी वकील मिळावा लागला.

रोख जामिनाची सोय असते, मान्य. पैसे भरा, चार आठवड्यांत जामीनदार आणा. पण पैसे भरायला तरी हवेत ना. आणि ज्याच्याकडे थोडेफार असतात त्याला आवारातच कुणीतरी गाठतं आणि ठरावीक रकमेत जामीनदार 'उभा' करून देतं. त्या जामीनदाराचं रेशन कार्ड खोटं, कंपनीची स्लिप खोटी. म्हणजे परभणीचा खरा भाऊ खऱ्या सातबाऱ्यासकट परत जातो आणि खोट्या कागदांचा माणूस आत येतो. स्थानिक जामीनदाराच्या हट्टानं कोर्टाच्या हाती हेच लागतं. रक्कम आरोपीच्या परिस्थितीकडे पाहून ठरवावी, अवाजवी नसावी, असं जुन्या दंड प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नियमांची उणीव नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा एकदा स्पष्ट निर्देश दिले. जामिनाचा आदेश झाला की त्याची प्रत ई-मेलनं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकाकडे जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि त्यांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगात भेट देणारा वकील पाठवून कैद्याशी बोलावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपण होऊन अट शिथिल करण्याचा विचार करावा. आणि सुटका लांबण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे आहे, तेव्हा न्यायालयांनी तशी अट घालू नये. कृष्ण अय्यरांनी १९७८ साली लिहिलेलं पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा लिहावं लागलं. आणि माझ्या ओळखीचे जे अजून नोकरीत आहेत ते सांगतात, खिडकीवर आजही पहिला प्रश्न 'जामीनदार मुंबईचा आहे का?' हाच असतो. आर्थर रोडचा तुरुंग क्षमतेच्या कितीतरी पट भरलेला असतो हे आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्या गर्दीत ज्यांना कोर्टानं 'जा' म्हटलं आहे अशीही माणसं आहेत.

कुणी म्हणेल, न्यायाधीशांना पुन्हा मोतीराम वाचायला सांगा. माझा अनुभव आहे की वाचून फारसा फरक पडत नाही. कोर्टात कोणता कागद कुणी कुणापुढे कधी ठेवायचा यानं फरक पडतो. म्हणून माझी मागणी शिरस्तेदाराच्या टेबलावरची आहे. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी प्रत्येक कोर्टात तयार व्हावी आणि ठरलेल्या वारी बोर्डावर पहिल्या क्रमांकाला लागावी. वकील हजर असो वा नसो, साहेबांनी ती नावं पुकारून घ्यावीत. यादी करायची जबाबदारी एका नेमलेल्या कर्मचाऱ्यावर असावी आणि त्याच्या सहीनं ती रोजनाम्याला जोडली जावी. परजिल्ह्यातला सातबारा आज महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. तो तिथल्या तिथे तपासायला एक संगणक आणि पाच मिनिटं लागतात. जामीनदार नाकारायचा असेल तर तोंडी नाकारू नये, कारण लिहून द्यावं. आणि जामिनाच्या खिडकीबाहेर मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, एवढं लिहिलेलं असावं: जामीनदार मुंबईचाच असला पाहिजे असा कायदा नाही.

यातल्या कशालाही विधिमंडळाचा नवा कायदा लागत नाही. उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक पुरेल. उच्च न्यायालय प्रशासनानं आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणानं याचा विचार करावा, आणि आपल्या वर्तमानपत्रानं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वार्ताहरांकडून अशा न सुटलेल्या कैद्यांची माहिती मागवून छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिरस्तेदार
भांडुप, मुंबई